उदाहरण चौदावे : नदी आणि होडी

केडगाव, नगर
१० मे १९७०

सहादेवराव,

नमस्कार. तुम्ही पाठवलेला तांदूळ मिळाला. खडे फार आहेत असे बनू म्हणते. मी तिला म्हटले, डोंगरातून येणाऱ्या मालात ते धरूनच चालावे. सासऱ्यांनी थोरली मुलगी अकोले तालुक्याच्या डोंगरात दिली आणि धाकटी शहरात. थोरल्या साडूकडून खडे येणार आणि धाकट्याकडून पुस्तके जाणार, हा हिशेब त्यांनी तेव्हाच केला असावा.

परवा एकदाचा प्री-डिग्रीच्या फिजिक्सच्या उत्तरपत्रिकांतून सुटलो. यंदा पेपर मीच काढला आणि पुष्कळसे गठ्ठेही मीच तपासले. पोरांच्या डोक्यात काय भरलेले असते हे पाहायचे असेल तर सापेक्ष वेगावर एक प्रश्न घालावा. मी माझ्या पुस्तकातले चौदावे उदाहरण जसेच्या तसे घातले होते. तुमच्या शाळेत माझे पुस्तक नसेल म्हणून लिहितो. नदी दोनशे मीटर रुंद. पाण्याचा वेग ताशी तीन किलोमीटर. होडीवाला संथ पाण्यात ताशी पाच किलोमीटरने वल्हवतो. कमीत कमी वेळात पलीकडच्या काठाला लागायचे तर त्याने होडीचे तोंड कोणीकडे धरावे, आणि वेळ किती लागेल? उत्तर उघड आहे. तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला तिरके धरावे, म्हणजे होडी नाकासमोर जाते. वेग चार उरतो, वेळ तीन मिनिटे.

एका महाभागाने काय लिहिले ऐका. म्हणे होडीचे तोंड सरळ समोर धरावे, वेळ दोन मिनिटे चोवीस सेकंद. होडी एकशेवीस मीटर खाली वाहत जाईल, म्हणून माणसाने आधी तेवढे काठाने वर चालत जावे आणि तिथून होडी सोडावी! मी लाल शाईने लिहिले, 'हे भौतिकशास्त्र आहे, सहल नव्हे', आणि पाचपैकी भोपळा दिला. स्टाफरूममध्ये दोन दिवस हसत होतो.

तुमची चांगुणा याच परीक्षेला बसली होती ना? काही कमी-जास्त झाले तर मनाला लावून घेऊ नका. तिने इथवर मजल मारली हेच तुमच्याकडच्या मानाने खूप झाले.

राहीआक्कांना नमस्कार.

रंगनाथ


जांभुळठाव, ता. अकोले
२८ जून १९७०

रंगनाथराव,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. तुमचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आमच्याकडे पद्धत आहे. या वेळीही वाचलं.

चांगुणाचा निकाल लागला. बाकी विषय सुटले. फिजिक्स चार गुणांनी गेलं. पुढच्या वर्गाचं दार तेवढ्यावर बंद झालं. आता ऑक्टोबरला परत बसायचं, आणि तेव्हाही नाही जमलं तर तिचं शिक्षण संपलं असं राहीच्या माहेरच्यांनी आणि माझ्याही भावांनी एका तोंडाने सांगून टाकलंय. दोन्ही घरच्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी तुम्हाला शिफारशीसाठी लिहीत नाही. ते मला जमत नाही आणि तुम्हालाही आवडणार नाही. माझी शंका गणिताची आहे. तुम्ही ज्याला हसलात त्याचं उत्तर मी चार वेळा करून पाहिलं. प्रश्नात कमीत कमी वेळ विचारला आहे, कमीत कमी अंतर नाही. पाणी होडीला खाली ओढतं, पण पलीकडे जाण्याच्या आड येत नाही. वल्ह्याचा सगळा जोर पलीकडे लावला तर पाचचे पाच कामी येतात. तोंड वर वळवलं की त्यातला काही जोर पाण्याशी भांडण्यात जातो आणि तुमचे चार उरतात. मग तीन मिनिटं जास्त की कमी?

आमच्याकडे पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, तेव्हा गूळ करायची काहील नदीत घालून पलीकडच्या एस.टी.वरून माणसं गावात आणतात. दोघे पोहणारे काहिलीचा काठ धरून ढकलतात. आमचा भिमाजी आणि त्याचा भाऊ काहील डोक्यावर घेऊन आधी वरच्या आंब्यापर्यंत चालत जातात, तिथे पाण्यात सोडतात आणि सरळ समोर ढकलतात. काहील बरोबर समोरच्या घाटाला लागते. त्यांनी कोणाचं पुस्तक वाचलेलं नाही.

फेरतपासणीची मुदत ३१ जुलैपर्यंत आहे. ते नुसती बेरीज तपासतात असं ऐकतो. पण पेपर काढणाऱ्यानेच आदर्श उत्तरात चूक आहे असं कळवलं, तर सगळ्यांचाच तो प्रश्न पुन्हा तपासतील. एका ओळीचं काम आहे.

सहादेव


केडगाव, नगर
५ जुलै १९७०

सहादेवराव,

तुमचे पत्र वाचले. चांगुणाबद्दल वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. आता मला कळले की तिला फिजिक्स कोणी शिकवले.

दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर सरळ रेषेने असते, हे पाचवीतल्या मुलाला माहीत असते. अंतर कमी तर वेळ कमी. तुम्ही वीस वर्षे हायस्कुलात फळा खरडत आहात आणि अजून इथेच अडला आहात. वर पुरावा कसला, तर गुळाच्या काहिलीचा! उद्या उष्णतेचा सिद्धांत चुलीला विचाराल. ज्यांनी आयुष्यात कंपास पेटी उघडलेली नाही त्यांची साक्ष काढून तुम्ही माझे उत्तर तपासायला निघालात. त्या भिमाजीला आधी किलोमीटर म्हणजे काय ते विचारा.

आणि ती एक ओळ. ती लिहिणे म्हणजे काय हे तुम्हाला समजणार नाही. माझ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती छापखान्यात आहे. विभागप्रमुखाची जागा दिवाळीला भरणार आहे. अशा वेळी मी माझ्याच हाताने 'माझे उत्तर चूक' असे लिहून द्यायचे, ते कोणासाठी? त्या एका गाढवाच्या पाच गुणांसाठी? त्याला ऑक्टोबरात पुन्हा बसू द्या. तोवर चार धडे नीट शिकला तर बरेच.

बनू नागपंचमीला बहिणीकडे यायचे म्हणते. तिला पोचवायला ६ ऑगस्टला मीच येईन. त्या निमित्ताने तुमच्या जलविद्वानांचे दर्शनही घेईन.

रंगनाथ


जांभुळठाव
१२ जुलै १९७०

रंगनाथराव,

जरूर या. भंडारदऱ्याचं धरण भरायला आलं आहे, आमच्या प्रवरेला पाणी चांगलं असेल. येताना मनगटाला घड्याळ असू द्या.

बुटांऐवजी वहाणा घातल्या तर बरं.

सहादेव


केडगाव, नगर
११ ऑगस्ट १९७०

सहादेवराव,

सुखरूप पोचलो. सर्दी आहे. डॉक्टर म्हणाले, गढूळ पाणी पोटात गेले आहे.

झाल्या प्रकाराची तुमच्या गावात काय कथा होईल याची मला कल्पना आहे, म्हणून वस्तुस्थिती लिहून ठेवतो. त्या दिवशी नदीचा वेग पोहणाऱ्यांच्या वेगापेक्षा जास्त होता. अशा स्थितीत चौदावे उदाहरण लागूच होत नाही. त्यामुळे माझी काहील जिथे लागली, त्यावरून माझे उत्तर चूक ठरत नाही. तुमची दोन माणसे पट्टीची पोहणारी म्हणून दिलीत, ती निम्म्या वाटेत दमली. काहील गोल असते, तिला तोंडच नसते. ज्याला तोंड नाही ते तिरके कसे धरावे? असल्या साधनावर कोणी प्रयोग करत नसते.

घाटावर बायका हसत होत्या. त्यात तुमची राहीआक्काही होती. मी हे मनात ठेवणार नाही, पण लिहून ठेवतो.

माझा डावा बूट नदीत गेला. तपकिरी, नाडीचा. सापडल्यास पाठवावा. नुसता उजवा घेऊन मी एस.टी.त बसलो, तेव्हा कंडक्टरने ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.

रंगनाथ


जांभुळठाव
२० ऑगस्ट १९७०

रंगनाथराव,

वस्तुस्थिती लिहायचीच तर पुरी लिहू.

तुम्ही एस.टी.तून पलीकडच्या घाटावर उतरलात. भिमाजी नेहमीप्रमाणे काहील डोक्यावर घेऊन आंब्याकडे चालू लागला. तुम्ही त्याला हाक मारून विचारलंत की नदी इथे आहे आणि तू तिकडे कुठे चाललास. तो म्हणाला, "सायेब, हितून सोडली तर पानी खाली न्हेतंय. वर आंब्यापातूर चला, मंग सरळ पल्याड." तुम्ही त्याला सांगितलंत की मी यावर पुस्तक लिहिलं आहे. पुस्तक लिहिलेला माणूस त्याने आधी पाहिला नव्हता.

बनूताई, चांगुणा आणि सामान भिमाजीबरोबर आंब्यापर्यंत गेलं. तुम्ही दुसरी काहील घाटावरूनच पाण्यात घालायला लावलीत आणि छगन आणि काकासाहेब या दोघा पोहणाऱ्यांना वरच्या अंगाला तिरकं ढकलायला सांगितलंत. घड्याळ तुमच्याच हातात होतं. भिमाजीची काहील पाण्यात पडल्यापासून सहा मिनिटांत समोरच्या घाटाला लागली, चांगुणाने आकडे मोजून वेळ धरला. तुमची काहील सतरा मिनिटं नदीत होती आणि शेवटी खालच्या वाडीच्या स्मशानाला लागताना कलंडली, तुम्ही पाण्यात. बनूताईंचा तेवढ्या वेळात चहा पिऊन झाला होता.

नदीचा वेग जास्त होता म्हणता. दोन्ही काहिलींना नदी एकच होती ना? आणि उदाहरण लागू होत नाही म्हणता, तर तिरकं ढकला असं कोणत्या उदाहरणाच्या जोरावर सांगत होतात?

बायका हसल्या याचं मला वाईट वाटलं नाही. छगनचं वाईट वाटलं. पाण्याच्या उलट ढकलता ढकलता त्याचा खांदा उतरला. मोसमात, लावणी चालू असताना तो आठ दिवस बसून राहिला. बुटाची चौकशी तुम्ही केलीत, खांद्याची केली नाहीत.

आता एक गोष्ट, जी मी तीन महिने लिहिली नाही. तुमचं ते गाढव, ज्याच्या उत्तरावर तुम्ही लाल शाईने सहल लिहिलंत, ती चांगुणा होती. मे महिन्यात तुमचं पत्र मी मोठ्याने वाचत होतो आणि ती निवडत असलेले तांदूळ तसेच सुपात ठेवून उठून गेली. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, साडूने पोरीसाठी वशिला लावला. मला वाटलं होतं गणित स्वतःच्या पायावर उभं राहील. ती माझी चूक. गणिताला पाय असतील, पण समोरच्याला कानच नसतील तर ते चालून कुठे जाणार?

मुदत संपली. ऑक्टोबरचा पेपरही तुमच्याकडेच आहे असं बनूताईंकडून कळलं. मी हरलो. चांगुणाला मी सांगितलं आहे की हे उदाहरण पुन्हा आलं तर तिरकं तोंड आणि तीन मिनिटं लिही आणि सुटून ये. ती माझ्याशी बोलत नाही. वीस वर्षं मास्तरकी करून आज मी मुलीला खोटं उत्तर पाठ करायला लावलं. तुमच्याकडून एवढं शिकलो.

सहादेव


केडगाव, नगर
२ सप्टेंबर १९७०

सहादेवराव,

परीक्षेविषयी कोणतीही गोष्ट नातेवाइकांशी बोलणे मला नियमाने मना आहे. पेपर कोणाकडे आहे हे बनूने सांगायला नको होते.

सर्वसाधारण सल्ला म्हणून लिहितो, त्याचा अर्थ काढत बसू नये. विद्यार्थ्याने पाठ करून लिहू नये. बापाचे ऐकून तर मुळीच लिहू नये.

छगन कसा आहे?

रंगनाथ


केडगाव, नगर
१५ डिसेंबर १९७०

चि. चांगुणा,

तू पास झालीस हे कळले. अभिनंदन. फिजिक्समध्ये बासष्ट, म्हणजे चांगलेच.

तुझ्या मावशीने फार आग्रह केला म्हणून माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती सोबत पाठवत आहे. चौदाव्या उदाहरणात काही सुधारणा केली आहे, प्रस्तावनेत त्याचा उल्लेख आहे. पुढच्या वर्गात तुला याचा उपयोग होईल. तुझ्या वडिलांकडच्या जुन्या पद्धतीपेक्षा पद्धतशीर अभ्यास केव्हाही चांगला.

विभागप्रमुखाची जागा मला मिळाली. पेढे बनू पाठवेलच.

तुझा,
काका


जांभुळठाव
२७ डिसेंबर १९७०

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र आणि पुस्तक पोचलं. आबांनी पत्र मोठ्याने वाचलं. मी पुस्तक मनातल्या मनात वाचलं.

ऑक्टोबरच्या पेपरात चौदावं उदाहरण पाहिलं तेव्हा मला आबांचा शब्द आठवला आणि तुमचं सप्टेंबरचं पत्रही. आबा म्हणाले होते, रंगनाथराव काहीतरी सुचवतायत असं वाटतं, पण त्यांच्या भरवशावर पोरीचं वर्ष टाकायची माझी छाती नाही. तू आपली तीन मिनिटंच लिही. मी तीन मिनिटं लिहिली. मग खोडली. पुन्हा लिहिली. शेवटी नुसती कोरी जागा बघत बसले. भिमाजीमामा काहील डोक्यावर घेऊन आंब्याकडे चालताना डोळ्यासमोर आला. रोजच्या रोज तो बरोबर उत्तर काढतो आणि त्याला कोणी पाच गुण देत नाही. मग मी दोन मिनिटं चोवीस सेकंद लिहिली. खाली एकशेवीस मीटरही लिहिले. नापास होईन असं धरूनच लिहिलं. तुम्ही उत्तर बदललं होतं हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल तुमचे आभार मानायचं कारण मला दिसत नाही.

तुम्ही एका ओळीत स्पष्ट लिहू शकला असता. ते जुलैत लिहिलं नाही आणि सप्टेंबरातही नाही. बरोबर उत्तर कळल्यावर ते चोरून बदलायचं आणि ज्याला भोपळा दिला त्याला मात्र कळू द्यायचं नाही, ही पद्धतशीर अभ्यासाची पद्धत असेल, तर मला आबांची जुनी बरी.

प्रस्तावना वाचली. 'लेखकाने प्रवरेच्या पात्रात स्वतः केलेल्या प्रयोगांनंतर या उदाहरणात सुधारणा केली आहे.' हे वाक्य मी घाटावर वाचून दाखवलं. बायका पुन्हा हसल्या. छगनमामा हसला नाही. त्याचा हात अजून डोक्याच्या वर जात नाही. त्याने विचारलं, "माजं नाव हाय का त्यात?" मी नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं."

पुस्तक परत पाठवत आहे. एकविसावं उदाहरण बघा. पाऊस सरळ खाली पडतोय, माणूस पुढे चालतोय, तर छत्री कोणीकडे कलती धरावी? तुम्ही मागच्या बाजूला छापलं आहे. ती पुढे धरतात. हे तपासायला नदी लागत नाही. पावसात केडगावच्या रस्त्याने पन्नास पावलं चालून पाहिलं तरी पुरे. चौथ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेला तेवढा प्रयोग होईल.

तुमचा डावा बूट सापडला. पाणी उतरल्यावर स्मशानापाशी बाभळीत अडकलेला होता. भिमाजीमामाने तो वरच्या आंब्याच्या फांदीला टांगला आहे, काहील कुठून सोडायची याची खूण म्हणून. आता गावात कोणी आंबा म्हणत नाही, "प्रोफेसरच्या बुटापातूर चला" असंच म्हणतात. नवीन माणसालाही लगेच कळतं. त्यामुळे तो परत पाठवता येणार नाही.

मावशीला माझा नमस्कार सांगा. जानेवारीत मी संगमनेरला पुढच्या वर्गात जाईन, बाकीची मुलं जूनमध्येच गेली. या सगळ्यात तुमचा एक बूट गेला आणि माझे सहा महिने गेले. बूट तरी सापडला.

चांगुणा